जर्मन घड्याळ, कारागीर अनिश्चित

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, कारंजा गावातल्या एका जुन्या अडत दुकानाच्या बैठकीत एका घड्याळाची किंमत नऊ लाख रुपये सांगण्यात आली. हजर होते दुकानाचे मालक मनोहरभाऊ, त्यांचे धाकटे बंधू प्रकाशभाऊ, दोघांची मोठी बहीण शकूअक्का, त्यांचे मामा आणि मी. मामा हजर होते असं मी लिहितो खरं, पण ते लोडाला टेकून झोपले होते. घड्याळही हजर होतं. तेही बंदच होतं.

कोण होतं आणि किती आकडा निघाला हे आधी लिहून टाकायची सवय मला धंद्याने लावली. मी सोन्याचा मूल्यांकनकार आहे. पतसंस्थेत लोक दागिने ठेवून कर्ज काढतात. तो दागिना आधी माझ्या हातात येतो. मी तो तपासतो, तोलतो, शुद्धता आणि किंमत लिहून खाली सही करतो. पुढे दागिना खोटा निघाला तर संस्थेचे लोक कर्जदाराच्या घरी जाण्याआधी माझ्या घरी येतात. त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. माझ्या बायकोच्या मते हा स्वभाव लग्नकार्यात फार त्रासाचा आहे. 'मुलगी छान आहे' असं म्हणायलाही मी वेळ लावतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सोनं तोलणं म्हणजे काट्यावर ठेवणं आणि आकडा वाचणं. खरं काम वजाबाकीचं असतं. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, ती वजा. खडे वजा. दोरा आणि काळे मणी वजा. आणि मीना, म्हणजे दागिन्यावर भट्टीत भाजून चढवलेलं ते रंगीत काचेचं काम, तोही वजा. उरतं ते सोनं. मानोऱ्याकडच्या एका बाईंनी एकदा मोराचं पदक आणलं होतं. हिरवा-निळा मीना, पिसाऱ्याचा एकेक डोळा वेगळा. मी रीतीप्रमाणे मीना वजा करून आकडा सांगितला.

"मोर वजा केला तं मंग राह्यलं काय?" बाई म्हणाल्या.

"सोनं राहिलं ना."

"सोनं तं सगळ्यायजवळ असते. मोर माह्याच जवळ हाये."

त्यांनी पदक उचललं आणि कर्ज न काढता निघून गेल्या. बाईंचं म्हणणं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, पण फॉर्मवर मोरासाठी रकाना नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक सगळे आपली वस्तू महाग आहे असं सांगत येतात. उलटं सांगणारी एकच बाई मला भेटली, रिसोडची. ती आधी एकटी आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, मांगून जावई येऊन राह्यले. त्यायच्यासमोर सांगा का हा गोफ खोटा हाये." जावयांना धंद्यासाठी सासूचा गोफ गहाण टाकायचा होता. गोफ चोख बावीस कॅरेटचा होता. मी खोटं बोललो नाही. जावयांना बसवलं, चहा मागवला, आणखी एक चहा मागवला, मग काट्याचं तळ पुसत बसलो, मग पुन्हा पुसलं. शेवटी जावईच म्हणाले, राहू द्या, पुन्हा येऊ. ते आले नाहीत. चहाचे चाळीस रुपये माझे गेले.

पण दुसऱ्याला द्यायची वस्तू महाग ठरवून मागणारी माणसं मला त्या अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा भेटली.

प्रकार असा होता. या तिघांचे वडील वारले आणि वाटणीचा विषय निघाला. दुकान आणि गोदाम मनोहरभाऊंकडे, मानोरा रोडवरचं शेत प्रकाशभाऊंकडे, हे आपसात ठरलं होतं. शकूअक्का लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली. वडिलांचं दुखणंखुपणं तिनेच काढलं. दुकानामागच्या एका खोलीत ती शिवणवर्ग चालवते. चार मशिनी, एक कापायचं टेबल, भिंतीवर आरसा. शेतात किंवा दुकानात तिने वाटा मागितलाच नव्हता. तिला ती खोली तिच्या नावाने हवी होती, इतकंच. पण खोली दुकानाला लागून. मनोहरभाऊंना तिथे सोयाबीनची पोती ठेवायची होती. मग दोघा भावांनी युक्ती काढली. खोलीचा बाजारभाव सहा लाख. घरात एक जर्मन घड्याळ आहे, ते नऊ लाखांचं ठरवायचं आणि अक्काला द्यायचं. कागदावर तिला खोलीपेक्षा तीन लाख जास्तच मिळाले असं दिसेल, आणि खोली सुटेल. फक्त त्या नऊ लाखांखाली कुणा जाणत्या माणसाची सही हवी होती. ती माझी.

म्हणजे मी सही केली की पावसाळ्याआधी चार मशिनी रस्त्यावर. इथे एक हितसंबंध जाहीर करतो. आमच्या घरचे ब्लाउज अक्का शिवते. दर इतरांना लावते तोच.

घड्याळ मनोहरभाऊंनी लाल फडक्यातून काढलं. खिशात ठेवायचं, जाड, तळहातावर पेढ्यासारखं बसणारं. पाठीवर मिन्याचं चित्र होतं. निळं आभाळ, नदी, काठावर एक गोरी बाई, तिच्या मांडीवर मेंढीचं पिल्लू. मीना इतका बारीक की भिंगातून पिल्लाचे कान मोजता येत होते. मी खरंच मोजले. दोन होते.

"पणजोबाले जर्मन सायबानं भेट देल्लं," मनोहरभाऊ म्हणाले. "कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत होता. तिकडं लढाई लागली अन् त्याले जावं लागलं. आपल्या इमानदारीवर खूश होऊन देल्लं."

"भेट नाई," प्रकाशभाऊ म्हणाले. "चाळीस गाठींच्या पैशात वळतं केलं त्यानं."

"पैसे घेऊन गेला असन अन् गिरवी ठेवलं असन," अक्का दारातून म्हणाली. ती आत येऊन बसली नव्हती. चौकटीशी उभी राहून एका फ्रॉकला काज करत होती.

मी कामाला लागलो. एकूण वजन घेतलं. त्यातून यंत्र वजा, काच वजा, मीना वजा. मग कडेला जिथे मीना नाही तिथे कॅरेट तपासायच्या मशीनखाली धरलं. कसोटीच्या दगडावर अशी वस्तू घासायची माझी छाती झाली नाही. मशीनने सांगितलं, आत तांबं, वर सोन्याचा मुलामा. म्हणजे तांबंही वजा.

"किती निंगालं?" मनोहरभाऊंनी विचारलं.

"माझ्या रीतीने हिशोब केला तर शून्य."

"शून्य?"

"मुलामा खरवडून काढायची मजुरी धरली तर शून्याच्याही खाली."

प्रकाशभाऊ हसले. अडाण्यासमोर शिकलेला माणूस हसतो तसे. "भाऊ, हे सोन्याचं काम नाई. हे अँटिक हाये. याच्यात कारागिराचं नाव पाह्यतात." त्यांनी मोबाइल पुढे केला. परदेशातल्या कुठल्याशा लिलावात असंच घड्याळ विकलं गेलं होतं. चित्रात बाई होती, पिल्लाऐवजी कुत्रा होता. रुपयांत नऊ लाख. खाली कारागिराचं लांबलचक नाव. "आपल्यावर बी हेच नाव हाये. उघडा."

मी उघडलं. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून आत एक पितळी झाकण होतं आणि नाव त्या झाकणावर कोरलेलं होतं. म्हणजे कधीकाळी होतं. आता सुरुवातीचं 'जो' दिसत होतं. मग गुळगुळीत पितळ. मग शेवटचं 'एर'. खालच्या ओळीत गावाचं नाव, त्यातलं फक्त 'बुर्ग'.

मी जर्मन जाणत नाही. म्हणून मुंबईतल्या एका जुन्या घड्याळांच्या जाणकाराला व्हिडिओ कॉल लावला. ओळखीतून मिळालेला नंबर. गृहस्थ सत्तरीचे, अंगात बनियन, पण डोळ्याला भिंग लावून बसलेले. मी मोबाइल घड्याळावर धरला.

"मीना छान आहे," ते म्हणाले. "जर्मन वाटतो. बाईच्या कपाळावर हा लाल ठिपका कसला? मूळचा दिसत नाही."

"लक्ष्मीपूजनाचं कुंकू हाये," अक्का दारातून म्हणाली. "बाबा म्हनत, जर्मनीची लक्ष्मी हाये."

"आणि झाकणावरचं नाव कोणी घासलं?"

मनोहरभाऊ पंख्याकडे पाहू लागले.

उत्तर अक्कानेच दिलं. दर दिवाळीला घरातलं सगळं पितळ निघतं. समई, ताम्हण, तांब्या, घंटी. चिंच आणि राख लावून ते अंगणात घासायचं. घड्याळाचं झाकण पितळेचं, म्हणून तेही त्या ढिगात जायचं. आधी आजी घासायची, मग आई, आणि गेली कैक वर्षं अक्का. बाहेरचं चित्र सोन्याचं समजून सगळे मऊ कापडाने पुसत आले. नाव मात्र पितळेवर होतं.

"दरवर्षी? चिंचेने?" मुंबईच्या गृहस्थांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

"नाई तं काळं पडते ना," अक्का म्हणाली. "लक्ष्मीसमोर काळं भांडं ठेवाव काय?"

माझ्या माहितीप्रमाणे पुराणवस्तूचं नुकसान पाण्याने, चोराने किंवा उंदराने होतं. या घरात ते स्वच्छतेने झालं होतं. शंभर वर्षांची दिवाळी त्या जर्मनाच्या नावावरून गेली होती.

"पण 'जो' अन् 'एर' तं हाये ना?" प्रकाशभाऊ मोबाइलकडे वाकले. "अन् 'बुर्ग'. तोच माणूस."

"अहो, जर्मनीत 'एर'ने संपणारी आडनावं किती आहेत!" ते म्हणाले. "आणि 'बुर्ग' म्हणजे किल्ल्याचं गाव. तशी गावंही पुष्कळ. तो असेल, त्याचा मुलगा असेल, शागीर्द असेल, किंवा त्याच्या नावावर माल खपवणारा असेल. नाव शाबूत असतं तर बोलणं वेगळं होतं. असं, एखादा शौकीन भेटला तर साठ-सत्तर हजार. तेही वस्तू हातात घेऊन पाहिल्यावर." कॉल बंद करण्यापूर्वी त्यांनी हात जोडले. ते आम्हाला होते की झाकणाला, सांगता येत नाही.

म्हणजे मराठीत सांगायचं तर आमच्या हातात इतकंच होतं: जनार्दन कुणीतरीकर, मुक्काम कुठलंसंपूर.

मी माझा कागद काढला. वर्णन लिहिलं, वजन लिहिलं, धातू लिहिला. कारागिराच्या नावापुढे 'अनिश्चित' लिहिलं.

"असं काहून लिहून राह्यले?" मनोहरभाऊ तापले. "नाव लिहा. प्रकाशनं दाखवलं ना तुमाले."

"त्यांनी मोबाइलवर दाखवलं. झाकणावर नाही."

"तुमचं काय जाते? एक नाव लिहाचं, एक आकडा लिहाचा, सही करायची. फी दुप्पट घ्या."

"फी पाचशेच आहे. दुप्पट घेतली तर पावतीही दुप्पट द्यावी लागेल, आणि कशाची ते लिहावं लागेल."

"तुमी सोनार, तुमाले अँटिकमधलं काय समजते?" प्रकाशभाऊ म्हणाले.

"काहीच नाही. म्हणून तर सही करत नाही. तुम्हाला समजतं, तुम्ही करा."

हे मी चिडून बोललो. त्यात काही धोरण नव्हतं. पण दारातली सुई थांबली. अक्काने दोरा दाताने तोडला, फ्रॉक खांद्यावर टाकला आणि पहिल्यांदा आत येऊन बसली.

"बराबर हाये," ती म्हणाली. "ज्याले समजते त्यानं सही कराव. प्रकाश, नक्की नऊ लाखाची हाये न वस्तू?"

"अक्का, जास्तच असन. कमी नाई."

"मनोहर, तुले पटते?"

"पटते म्हणजे? आमी तुह्या भल्याचं करून राह्यलो. सगळ्यात मोठी वस्तू तुले."

"मंग लिहा. घड्याळ नऊ लाख. खाली सह्या करा दोघं बी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या सोप्यात काम होईल असं त्यांना वाटलं नसावं. प्रकाशभाऊंनी कोऱ्या कागदावर झोकात लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. माझी सही मागायचं ते विसरूनच गेले.

अक्काने कागद घेतला, वाचला, आणि मोठ्याने हाक मारली, "मामा! ओ मामा! अडतीत भाव कोणाचा?"

मामा म्हणजे त्यांच्या आईचे भाऊ. आयुष्यभर कापसाचे लिलाव बोललेला माणूस. जर्मनी, लढाई, मुंबई, चिंच, सगळ्यातून ते झोपून गेले होते. भाव हा शब्द ऐकल्यावर त्यांचे डोळे उघडले.

"काय माल हाये?" त्यांनी विचारलं.

"घड्याळ. भाव बोलला नऊ लाख. या दोघायनं बोलला. सही हाये. आता मले सांगा, लिलावात भाव बोलला का माल कोणाचा?"

"बोलला त्याचा," मामा म्हणाले. "ज्यानं भाव बोलला त्यानं माल उचलायचा. मांगं सरकाचं नाई. तुह्या बापानं एकडाव चुकून चढा भाव बोलला तं भिजेल कापूस बी उचलला होता."

बाहेरच्यांसाठी सांगतो. अडत दुकानात हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळा धंदा त्यावर चालतो. भाव तोंडातून गेला की गाडी तुमच्या दारात. कोणी मागे सरला तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बोलीला कोणी विचारत नाही. मनोहरभाऊ त्याच गादीवर लहानाचे मोठे झालेले.

"उचला," अक्का म्हणाली आणि लाल फडकं त्यांच्यापुढे सरकवलं. "घड्याळ तुमचं, नऊ लाखात. त्या नऊ लाखातून माही खोली सहा लाखाची वजा. राह्यले तीन लाख, ते रोख द्या."

मग मनोहरभाऊ म्हणाले, "आता नऊ म्हणजे... तो मोबाइलवरचा भाव हाये, अक्का."

"किती मंग?"

"सात."

"कारागीर अनिश्चित हाये," प्रकाशभाऊंनी माझ्या कागदाकडे बोट दाखवलं. आत्ताच ज्या शब्दावर मनोहरभाऊ तापले होते त्याचा दोघांना एकदम आधार वाटू लागला. "हे भाऊच म्हणून राह्यले. चार धरा."

"चार कायचे? आतून तांबं हाये," मनोहरभाऊ म्हणाले.

"कुंकू लागेल हाये."

"यंत्र बी बंद हाये."

सोन्याचा भाव मी पडताना पाहिला आहे. लोक रडताना पाहिले आहेत. पण आपल्याच वस्तूचा भाव पाडायला दोन सख्खे भाऊ इतक्या एकदिलाने झटताना मी प्रथमच पाहत होतो. वर्षभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं असावं. मामा प्रत्येक आकड्याला बोट उचलत होते आणि उतरता भाव असल्याने बोट खाली नेत होते. अडीच. दीड. एक लाख. ऐंशी हजार.

"साठ," मनोहरभाऊ शेवटी म्हणाले. "मुंबईवाला साठच बोलला."

"साठ?" अक्काने विचारलं. "साठच्या वर नाई?"

"देवाशप्पथ, साठच्या वर एक रुपया नाई."

"मंग मी उचलते. साठ हजारात."

मामांनी गादीवर हात आपटला. "झाला सौदा!"

साठ हजार दोघा भावांच्याच तोंडचे होते. त्यांना ना कमी म्हणता येत होतं, ना जास्त. नऊ लाखांचा कागद अक्काच्या मांडीवर होता. तिने त्याची घडी केली.

"खोली माह्या नावानं करून द्या, हा कागद मी इथंच फाडते. तीन लाख बी नको. नाई तं मामाले घेऊन बाजार समितीत जाते अन् समद्या अडत्यायले वाचून दाखवते का मनोहर भाव बोलून मांगं सरला."

मनोहरभाऊंनी मामांकडे पाहिलं. मामा आता पूर्ण जागे होते आणि त्यांची बाजार समितीत जायची तयारी दिसत होती.

"पोती कुठं ठेवू मी?" मनोहरभाऊ हताशपणे म्हणाले.

"प्रकाशच्या शेतात ठेव," अक्का म्हणाली. "जागा लय हाये."

खोली महिन्याभरात तिच्या नावावर झाली. कागद तिने शब्दाप्रमाणे फाडला. मी नंतर तिला विचारलं, बंद पडलेलं, नाव पुसलेलं घड्याळ साठ हजारांना कशाला घेतलं? मशिनी नव्या आल्या असत्या. तिने हातातलं माप बाजूला ठेवलं.

"नाव आमीच पुसलं, भाऊ. आजीनं, आईनं, मी. ज्याचं नाव आपुन पुसलं त्याले आता घराबाहेर कायले काढाव?"

या वाक्याची किंमत मला काढता आली नाही. घरी जाताना मला ते मोराचं पदक आठवलं. इतकी वर्षं मी मीना वजा करत आलो. ज्या हातांनी तो भाजला त्यांची नावं माझ्या कुठल्याच कागदावर नाहीत, आणि ती तर कोणी चिंचेनेही घासली नव्हती. ती कधी कोणी लिहिलीच नाहीत. आता मी वर्णनाच्या रकान्यात 'मीना, मोर' असं लिहितो. वजा करतो, पण लिहितो. संस्थेच्या व्यवस्थापकांनी एकदा विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हटलं, उपयोग नाही, पण ते होतं.

आता हिशोब. अक्काने साठ हजार दिले. त्यावर मामांनी दोन टक्के अडत, म्हणजे दलाली, कापली. सौदा आपल्यासमोर झाला आणि अडत कापल्याशिवाय तो पुरा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाराशे रुपये. त्यातले पाचशे त्यांनी मला फी म्हणून दिले, सातशे स्वतःच्या खिशात घातले. "लय वर्षानं असा लिलाव पाह्यला," म्हणाले. मनोहरभाऊंना एकोणतीस हजार चारशे मिळाले, प्रकाशभाऊंना तितकेच. बेरीज जुळते.

त्या दिवाळीत मी ब्लाउज आणायला गेलो तेव्हा खोलीत लक्ष्मीपूजन मांडलेलं होतं. समई, ताम्हण लखलखीत. घड्याळाचं झाकण मात्र न घासलेलं, काळपट, वेगळ्या पाटावर. शेजारी घड्याळ, त्यावरच्या बाईच्या कपाळावर नवं कुंकू. झाकणावर एक दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं. मी विचारलं, हे कोणाचे?

"कारागिराचे," अक्का म्हणाली.

म्हणून शेवटची नोंद अशी: अकरा रुपये. देणार, शकूअक्का. घेणार, जो-काहीतरी-एर, राहणार काहीतरी-बुर्ग.